वाचकांचे प्रश्न : युरोपीय, अमेरिकन आणि आपल्या समजुती

परदेशी शिक्षण आणि नोकरी या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर या भागांतून आलेल्या पत्रांत विद्यापीठांची नावे किंवा व्हिसाचे नियम यांपेक्षा माणसांविषयीच अधिक विचारलेले आहे. अमेरिकन कसे असतात, युरोपीय कसे असतात आणि त्यांच्याविषयी जे कानावर येते त्यात तथ्य किती, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सा. न. वि. वि. माझ्या मुलाला यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील एका आणि अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश मिळत आहे. माझे मेहुणे अमेरिकेत राहून आले आहेत. ते म्हणतात, अमेरिकन तोंडभर हसतात, पण मैत्री वरवरची असते. जर्मनीत असलेल्या पुतण्याचे म्हणणे असे, की तिथला माणूस फणसासारखा. गरे हाती लागेपर्यंत काटेच सोसावे लागतात. मुलगा अबोल आहे. या दोन्ही मतांत कितपत अर्थ आहे, ते कृपया सांगावे. — एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या मेहुण्यांचा आणि पुतण्याचा अनुभव खोटा नाही. मात्र त्या अनुभवावरून साऱ्या समाजाच्या स्वभावाचा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घ्यायला हवा. अमेरिकन आणि जर्मन वागण्यातील हाच फरक कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली मांडला होता. लेविन जर्मनीत शिकले आणि तेथेच शिकवू लागले. ते ज्यू होते, त्यामुळे हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढचे आयुष्य अमेरिकेत काढले. दोन्ही समाज त्यांनी आत राहून पाहिले होते. व्यक्तिमत्त्वाचे एकाआड एक थर कल्पिले, तर अमेरिकन माणसाचे बाहेरचे बरेचसे थर कोणालाही खुले असतात आणि अगदी गाभ्याचा तेवढा राखलेला असतो. जर्मन माणसाची हद्द मात्र बाहेरच्या थरापाशीच सुरू होते, पण ती एकदा ओलांडू दिली की पुढे आतपर्यंत फारसा अडसर उरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलावणारा सहाध्यायी पुढे वर्षभर भेटेलच असे नाही, आणि त्यात त्याने कोणाला फसवलेलेही नसते. त्या दिवसाचे अगत्य त्या दिवसापुरते खरेच असते. जर्मनीतील सहाध्यायी सहा महिने केवळ मान हलवून पुढे जाईल, आणि मग कधी आजारपणात औषध घेऊन दाराशी उभा राहील.

असे का होते, याचे उत्तर त्या त्या देशाच्या घडणीत शोधावे लागते. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील नाक्यातून १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख स्थलांतरित अमेरिकेत उतरले. इटालियन, पोलिश, रशियन ज्यू, आयरिश अशी माणसे एकाच चाळवजा इमारतीत राहू लागली, तेव्हा शेजाऱ्याची भाषा कळत नव्हती आणि रीतही ठाऊक नव्हती. अशा ठिकाणी आपण निरुपद्रवी आहोत हे चेहऱ्यानेच सांगावे लागते. २०१५ साली काही मानसशास्त्रज्ञांनी अनेक देशांची तुलना केली, तेव्हा ज्या देशांची लोकसंख्या गेल्या काही शतकांत पुष्कळ देशांतून येऊन जमलेली आहे, तेथे भावना चेहऱ्यावर उघड दाखवण्याची आणि परक्याकडे पाहून हसण्याची रीत अधिक रुजलेली आढळली. त्यात भर अशी, की अमेरिकन कुटुंबे नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सहज बिऱ्हाड हलवतात, त्यामुळे चटकन ओळख करून घेण्याची सवय ही तेथे गरजच होऊन बसली. जर्मनीतील पुष्कळ माणसांचे मित्र शाळेपासूनचे असतात आणि नवा मित्र जोडण्याची निकड त्यांना तितकीशी भासत नाही.

आपला मुलगा अबोल आहे, म्हणून त्याच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट सांगते. जर्मनीत गावोगावी 'फेराइन' म्हणून ओळखली जाणारी नोंदणीकृत मंडळे असतात : गायनाचे, फुटबॉलचे, डोंगर चढण्याचे, बुद्धिबळाचे. बोलघेवडेपणा अंगी नसलेल्या माणसाला तेथे कामाच्या निमित्ताने ओळखी होतात आणि त्या टिकतात. तसेच रविवारी दुकाने बंद असतील आणि घरात भिंतीला छिद्र पाडायला यंत्र लावले तर शेजारी येऊन हरकत घेतील. तो शेजारी परदेशी माणसाचा द्वेष्टा आहे असे मुलाने समजू नये. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जपावा, हे १९१९ च्या वायमार संविधानातील कलम जर्मनीने १९४९ च्या मूलभूत कायद्यात जसेच्या तसे ठेवले आहे, आणि हरकत घेणारा शेजारी आपल्या जर्मन शेजाऱ्यालाही हेच सांगत असतो. खर्चाच्या दृष्टीने पाहता, जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतले जातात. माझ्या मते आपल्या निर्णयात या बाबीला स्वभावाच्या चर्चेपेक्षा अधिक वजन असावे.

आता समजुतींबद्दल. युरोप आणि अमेरिका यांच्या एकमेकांविषयीच्या कल्पना फार जुन्या आहेत, आणि त्या न पाहता बनलेल्या आहेत. अठराव्या शतकात ब्युफाँ या नामवंत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने असे लिहून ठेवले, की अमेरिकेच्या दमट आणि थंड हवेत प्राणी लहान आणि दुबळे निपजतात. तो स्वतः अमेरिकेला कधी गेला नव्हता. टॉमस जेफरसन त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. त्यांना हे इतके लागले, की त्यांनी न्यू हॅम्पशायरमधून 'मूस' या प्रचंड हरिणाचे कातडे, हाडे आणि शिंगे जहाजाने मागवून १७८७ मध्ये ब्युफाँकडे पोचती केली. पुढे देशाचा पुढारी झालेल्या एका माणसाला आपला देश खुजा नाही हे सिद्ध करण्यासाठी मेलेले जनावर समुद्रापार आणावे लागले, यावरून एखाद्या विद्वानाच्या ऐकीव मताचा जाच किती होऊ शकतो, ते दिसते.

याच संदर्भात २००५ साली प्रसिद्ध झालेला ४९ संस्कृतींचा एक मोठा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात लोकांना 'तुमच्या देशाचा नमुनेदार माणूस कसा असतो' असे विचारले गेले, आणि ती उत्तरे त्याच देशांतील प्रत्यक्ष व्यक्तींच्या स्वभावचाचण्यांशी ताडून पाहिली गेली. दोहोंत मेळ जवळपास नव्हता. माणसे दुसऱ्याविषयी चुकतात हे समजण्यासारखे आहे, पण ती स्वतःच्या समाजाच्या 'स्वभावा'विषयीही चुकतात, असे त्यातून पुढे आले.

आपणा सीमाभागातील लोकांना हे समजायला जड जाऊ नये. पुण्यात गेलो की आपल्या बोलण्यातील कानडी हेलावर बोट ठेवले जाते आणि बंगळुरात आपल्या मराठीपणावर. दोन्हीकडे आपले वर्णन आपल्याला न विचारताच तयार असते. शिवाय दोन्ही प्रकारचे परदेशी लोक या भागाने जवळून पाहिलेले आहेत. धारवाडला स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनचे जर्मन भाषक लोक आले, आणि त्या मिशनच्या फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी अमेरिकन मिशनचे रुग्णालय सुरू केले. घाटाखाली गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते आणि बेळगावच्या छावणीत इंग्रज. किट्टेल यांचे वर्षानुवर्षांचे कोशकार्य आणि गोव्यातील पोर्तुगीज अंमल या दोन्हींना 'युरोपीय स्वभाव' असे एकच नाव देता येणार नाही, हे आपल्या भागाच्या इतिहासातच दिसते. मुलाला पाठवताना त्याला एवढेच सांगावे, की समोरच्याचे वागणे खटकले तर आधी त्या गावची रीत आणि कायदा विचारून घ्यावा आणि मगच त्या माणसाविषयी मत बनवावे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. उद्यमबागेतील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. आमचे सुटे भाग फ्रान्सला आणि अमेरिकेला जातात. अमेरिकन ग्राहक बैठकीत 'फारच उत्तम' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त्यांची लांबलचक यादी पाठवतात. फ्रेंच ग्राहक तोंडावरच चुका काढतात आणि ऑगस्टमध्ये तर पत्राला उत्तरच देत नाहीत. आमच्याकडचे ज्येष्ठ म्हणतात, एक ढोंगी आणि दुसरे आळशी. मला हे पटत नाही, पण प्रत्युत्तरही सुचत नाही. — एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : आपल्याला पटत नाही, हे योग्यच आहे. आधी ऑगस्टचे पाहू. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठ्या संपांनंतर कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ती टप्प्याटप्प्याने वाढत १९८२ मध्ये पाच आठवड्यांवर गेली. युरोपीय संघाच्या १९९३ च्या निर्देशानुसार तर सर्व सदस्य देशांत वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा देणे बंधनकारक आहे. फ्रान्समधील पुष्कळ कारखाने ही रजा ऑगस्टमध्ये एकत्रच देतात, त्यामुळे आपल्या पत्राला उत्तर द्यायला तेथे कोणी नसते. त्यांच्या कामाच्या तासाभरात होणारे उत्पादन पुढारलेल्या देशांच्या तोडीचे आहे, तेव्हा आळशीपणाचा आरोप टिकत नाही. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा दिली, आणि ती घेणाऱ्या कामगाराला आपण आळशी म्हणत नाही.

अमेरिकेत मात्र भरपगारी रजा देण्याची सक्ती करणारा एकही संघराज्यीय कायदा नाही. १९९३ चा कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा पात्र कामगारांना १२ आठवड्यांची रजा देतो, पण ती बिनपगारी असते. माँटाना वगळता इतर राज्यांत मालक सहसा कारण न देता आणि पूर्वसूचनेशिवाय माणसाला कामावरून कमी करू शकतो. त्यात आरोग्यविमाही बहुधा नोकरीशी बांधलेला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने वेतनवाढ गोठवली, तेव्हा कामगारांना आकर्षित करण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला आणि ती व्यवस्था पुढे कायम राहिली. उलट जर्मनीत बिस्मार्कने १८८३ सालीच कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा आणला आणि ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. नोकरी गेली तर मुलाचे औषधही जाईल, ही चिंता ज्याच्या डोक्यावर आहे तो सुट्टीतही आपल्या पत्राला उत्तर देतो. त्याला कामसू म्हणून गौरवताना आणि फ्रेंच माणसाला सुस्त म्हणताना आपण दोन देशांच्या कामगार कायद्यांना स्वभावाचे नाव देत असतो. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते, दोघांच्याही बाबतीत.

तोंडावर चुका काढण्याचा संबंध शाळेशी आहे. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात आणि शालान्त परीक्षेत १६ च्या पुढे गेले की ती सर्वोच्च श्रेणींपैकी एक मानली जाते. २० पैकी २० हा विरळा योग. चुका दाखवणे हेच शिक्षकाचे मुख्य काम आहे, अशा वातावरणात वाढलेला अभियंता 'ठीक आहे, वाईट नाही' म्हणाला तर ती दाद समजावी. अमेरिकन शाळेत प्रथम प्रोत्साहन द्यावे आणि नंतर सुधारणा सुचवावी अशी रीत आहे. म्हणून बैठकीतील 'फारच उत्तम' हे शब्द आपल्या मेहनतीला उद्देशून असतात. मालाविषयीचा निर्णय दुसऱ्या दिवशीच्या यादीत असतो. त्या यादीची वाट पाहावी आणि तिच्यावरूनच काम करावे. फ्रेंच ग्राहकाशी चुकीच्या मुद्द्यावर वाद घालायला हरकत नाही. कारणे देऊन आपली बाजू लढवणाऱ्याविषयी तेथे आदर वाढतो. अमेरिकन ग्राहकाशी तोच वाद सर्वांसमोर न घालता स्वतंत्र बोलणे बरे.

मात्र आपल्या विभागात माणसांच्या रीतीपेक्षा कागदाच्या रीतीने अधिक नुकसान होऊ शकते, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. युरोपातील रेखाचित्रे सामान्यतः फर्स्ट अँगल पद्धतीची असतात, अमेरिकेतील थर्ड अँगलची. पहिलीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात, दुसरीत वर. आपल्या महाविद्यालयांत भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल शिकवतात, त्यामुळे अमेरिकन रेखाचित्र हाती आले की नवा कामगार भोक उलट्या बाजूला पाडू शकतो. शीर्षक-चौकटीतील शंकूच्या तुकड्याचे चिन्ह आधी पाहण्याची शिस्त प्रत्येकाला लावावी. दुसरे, मुख्य भूमीवरील युरोपात दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. जर्मन कागदावर १,५ म्हणजे दीड, आणि १.५०० म्हणजे दीड हजार. तिसरे, तारीख. ०५/०६ म्हणजे फ्रान्सला ५ जून आणि अमेरिकेला ६ मे. महिना अक्षरात लिहिण्याचा आग्रह धरावा. चौथे, इंच. अमेरिकेने मेट्रिक पद्धतीला १८६६ मध्येच कायदेशीर मान्यता दिली आणि १८७५ च्या मीटर करारावर सहीही केली, पण सक्ती कधी केली नाही. १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे ठरलेले आहे, तेव्हा रूपांतरात अंदाजाला जागा नाही. १९९९ साली नासाचे मंगळाभोवती फिरण्यासाठी पाठवलेले यान याच गोंधळाने नष्ट झाले : एका चमूच्या संगणक प्रणालीने पाउंडांत दिलेले आकडे दुसऱ्या चमूने न्यूटनमधले समजून वापरले. दोन्ही चमू अमेरिकनच होते.

प्रश्न : सेवानिवृत्त शिक्षक आहे. आम्ही उभयता अमेरिकेत लेकीकडे जाणार आहोत आणि परतताना युरोपची सहल करणार आहोत. शेजारी म्हणतात, अमेरिकेत वेटर पैशासाठी हावरट असतात आणि युरोपात पाणीसुद्धा विकत देणारे कंजूष. खरे काय? — एक वाचक, निपाणी

उत्तर : अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगारांसाठी संघराज्यीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून वाढलेले नाही. इतर कामगारांसाठी ते २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. टिप धरूनही ही रक्कम भरली नाही तर फरक मालकाने द्यावा असा नियम आहे, आणि कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत वेतन बरेच अधिक आहे, तरीही वेटरचे घर मोठ्या प्रमाणावर टिपवरच चालते. म्हणून १५ ते २० टक्के टिप ही तेथे जवळपास मजुरीच असते. ती द्यावी, आणि हात आखडता घेऊ नये. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य दरपत्रकातील किमतीतच धरलेले असते. वर काही नाणी ठेवली तर पुरे. जर्मनीत रक्कम वरच्या आकड्यापर्यंत वाढवून देतात. इटलीत बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेला दिसेल. तो पाव आणि मेजाच्या मांडणीचा आकार आहे, फसवणूक नव्हे.

अमेरिकेत बसताच बर्फ घातलेले पाणी फुकट येते. जर्मनीत पाणी म्हणजे मागवायचे पेय, म्हणून बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. फ्रान्समध्ये नळाच्या पाण्याची सुरई मागितली की विनामूल्य मिळते, पण मागावी लागते. आणखी एक : अमेरिकन दुकानात पाटीवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, कारण तो राज्याराज्यांत आणि शहराशहरांत वेगळा असतो, पैसे देताना रक्कम वाढली म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये. युरोपात पाटीवरची किंमत करासहित असते.

प्रश्न : अमेरिकेला आपण भोगवादी म्हणतो, मग तेथे चर्च भरलेली कशी? आणि युरोपात एवढी भव्य चर्चे असून ती ओस का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या दुरुस्तीने १७९१ मध्ये सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली. त्यामुळे प्रत्येक पंथाला आपले भाविक स्वतः जमवावे लागले, त्यांच्या देणग्यांवर जगावे लागले आणि स्थलांतरितांना शाळा, मदत, सोबत पुरवावी लागली. अलेक्सी द तोकव्हिल हा तरुण फ्रेंच न्यायाधिकारी १८३१ मध्ये तुरुंगांची पाहणी करण्यासाठी अमेरिकेत आला, तेव्हा त्याला याचेच नवल वाटले होते, आणि धर्म सत्तेपासून वेगळा असल्यामुळेच तेथे बलवान आहे, असे त्याने नोंदवले. युरोपातील अनेक देशांत चर्च राज्यसत्तेशी जोडलेले राहिले. इंग्लंडच्या राजाकडे आजही तेथील चर्चचे प्रमुखपद आहे आणि २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. जर्मनीत नोंदणीकृत सभासदांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चकर सरकारच वसूल करते. ज्याचा पैसा आपोआप येतो त्या संस्थेला लोकांच्या दाराशी जाण्याची गरज कमी पडते, असे एक मत अभ्यासकांत आहे, आणि मला ते बरेचसे पटते. मात्र पोलंडला गेलात तर रविवारी चर्च भरलेले दिसेल, आणि अमेरिकेतही स्वतःचा कोणताच धर्म न मानणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली आहे.

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेसाठी मला 'अमेरिकेला संस्कृती नाही आणि युरोपला भविष्य नाही' या विधानाच्या बाजूने बोलायचे आहे. मुद्दे सुचवावेत. — एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : शक्य असेल तर विरुद्ध बाजू मागून घे, कारण या बाजूला प्रामाणिक मुद्दे फार थोडे मिळतील. जाझ संगीत न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मले आणि जगभर गेले. स्कॉटलंडमध्ये जन्मून अमेरिकेत उद्योगपती झालेल्या अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून अडीच हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत. युरोपविषयी म्हणशील, तर आज तू जे वर्ल्ड वाइड वेब वापरतोस त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत मांडली, आणि १९७० मध्ये स्थापन झालेली एअरबस ही युरोपीय देशांनी मिळून उभारलेली विमाने बनवणारी कंपनी आहे. तिच्या विमानांचे काही भाग आपल्या बेळगाव जिल्ह्यातच तयार होतात.

प्रश्न : माझा नातू इटलीत नोकरीला असून तेथल्याच मुलीशी लग्न करणार आहे. घरच्यांची संमती आहे. पण गल्लीतल्या बायका म्हणतात, गोऱ्या लोकांत मूल अठरा वर्षांचे झाले की घराबाहेर काढतात, त्यांना आईबापांची माया नसते. जीव धास्तावला आहे. — एक आजी, संकेश्वर

उत्तर : आजी, धास्ती सोडा. मुले केव्हा वेगळी राहतात हे तिकडे देशादेशांत निराळे आहे. फिनलंडमध्ये ती साधारण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घर सोडतात, तर इटलीत आणि क्रोएशियात सरासरी तिशीच्या आसपास. डेन्मार्कमध्ये शिकणाऱ्या तरुणांना सरकार दरमहा अनुदान देते, म्हणून त्यांना लवकर वेगळे राहणे परवडते. इटलीत घरभाडे जड आणि पक्की नोकरी उशिरा, म्हणून मुले आईवडिलांजवळ राहतात. जर्मनीत तर मुलाचे पहिले व्यवसायशिक्षण पुरे होईपर्यंत, ते अठराच्या पुढे गेले तरी, त्याचा खर्च उचलणे आईवडिलांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेत महाविद्यालयासाठी दूरच्या गावी जाऊन राहण्याची रीत आहे, त्यावरून 'अठराव्या वर्षी बाहेर काढतात' ही कल्पना निघाली असावी. पण २०२० मध्ये करोनाच्या काळात अमेरिकेतील १८ ते २९ वयाची निम्म्याहून अधिक मुले आईवडिलांच्याच घरी होती.

इटलीत नातवंडे सांभाळण्यात आजी-आजोबांचा मोठा वाटा असतो आणि रविवारचे दुपारचे जेवण अनेक घरांत सगळे मिळून करतात. तेव्हा मुलीच्या आईवडिलांबरोबर तिच्या आजी-आजोबांनाही, ते असतील तर, आपल्या नावाने वेगळे आमंत्रण पाठवा. ते त्यांना फार आवडेल. एक गोष्ट मात्र नातवाला आठवणीने विचारायला सांगा. आपल्याकडे लग्नात आणि पूजेत शेवंती हमखास असते. इटलीत आणि फ्रान्समध्ये शेवंती नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणार्थ थडग्यावर वाहतात. अमेरिकेत तीच फुले शरद ऋतूत घराच्या पायऱ्यांवर शोभेसाठी मांडतात. विहीणबाईंना ओटीबरोबर शेवंतीचा गजरा देण्याचा विचार असेल, तर त्याऐवजी मोगरा किंवा अबोली द्यावी, आणि मांडवात शेवंती लावायची असल्यास आपल्याकडे ती मंगल मानतात हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.